तिसरी चावी

पंचनाम्यात लिहिलं आहे:
कडी-कोयंडा उचकटून, सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान,
पाटल्या दोन, मोहनमाळ एक, रोख साडेअकरा हजार,
आणि जुना मोबाइल, चालू स्थितीत.
चालू स्थितीत नव्हता. पण घरत मॅडम भराभर लिहीत होत्या,
मला अडवावंसं वाटलं नाही.
मी कुठे होते, तेही लिहून घेतलं:
बँकेत, हयातीचा दाखला द्यायला.

फोन केल्यापासून चौदाव्या मिनिटाला त्या आल्या होत्या.
मी घड्याळ बघत होते,
दुसरीकडे कुठे बघवत नव्हतं म्हणून.
तीस वर्षं टेलिफोन खात्यात तक्रारी घेतल्या,
'माणूस येईल' म्हणून सांगितलं,
माणूस गेला का, कधी विचारलं नाही.

त्यांनी विचारलं, कुणावर संशय?
मी म्हटलं, नाही.
आणि 'नाही' म्हणता म्हणता
एकेक जण डोळ्यांपुढे जिना चढून आला:
गॅसवाला, इस्त्रीचा पोरगा,
वरच्या मजल्यावर लाद्या बसवणारे दोघे,
माझा सख्खा भाचा,
आणि खाली गेटवरचा वाल्मीक,
चार वर्षं माझं दळण वर आणून देणारा,
डबा टेकवताना दर वेळी सांगणारा,
गरम आहे मावशी, झाकण उघडं ठेवा.

एक गोष्ट मी लिहून दिली नाही.
ओट्यावर एक पेला पालथा होता.
मी तो तसा ठेवून गेले नव्हते.
म्हणजे कपाट फोडून झाल्यावर त्याला तहान लागली,
माठातलं पाणी प्याला,
पेला विसळला
आणि पालथा घातला, निथळायला.
कुणीतरी शिकवलं असणार.
लहानपणी कुणीतरी ओरडलं असणार त्याला.

सातला शकूरभाई आले, सायकलवरून,
मागे कानशींची पेटी बांधून.
जुनं कुलूप तळहातावर तोलून म्हणाले,
ताई, हे कुलूप नव्हतंच. ही नुसती विनंती होती.
मग लोखंडाचा कीस लादीवर पडत राहिला.
नवं लॅच, आतून आडणा, दाराला भिंग.
मध्येच त्यांनी पाणी मागितलं.
हाताला लागला तो नेमका तोच पेला.
ते प्याले, नळाखाली विसळला,
आणि पालथा घातला.

माझा हात दाराकडे गेला.
मग लाज वाटली.
लाज वाटूनही
त्यांच्या बोटांवरची नजर काढता आली नाही.

तीन चाव्या आहेत, ते म्हणाले.
(आमच्याकडे किल्ली म्हणतात.
त्या दिवसापासून मीही चावी म्हणते.)
एक वापरा, एक कपाटात,
एक भरवशाच्या माणसाकडे द्या.
साडेनऊशे झाले. हजारातून पन्नास परत केले,
आणि खाली बसून सगळा कीस
ओल्या फडक्यानं टिपून घेतला,
पायात जाईल म्हणून.

वाल्मीकला चौकीवर नेलं होतं. रात्री अकराला सोडलं.
मी खाली गेले.
तो खुर्चीत नव्हता, खुर्चीशेजारी उभा होता,
जणू ती दुसऱ्या कुणाची असावी.
मी चावी पुढे केली. म्हटलं, ठेव तुझ्याकडे.
त्यानं दोन्ही हात खिशात घातले.
नको मावशी.
उद्या परत काही झालं तर?

भिंगातून मी आता जिना बघते.
त्यात सगळेच लांबचे दिसतात,
बेल वाजवणारासुद्धा.
तिसरी चावी ओट्यावर आहे,
त्या पालथ्या पेल्याखाली.
पाणी मी दुसऱ्यानं पिते.

गुरुवारी दळण आलं.
तो डबा ठेवून, काही न बोलता, उतरून गेला.
मी हात लावून पाहिला. गरम होता.
झाकण उघडं ठेवलं.